चोरीचा माल हाती आला तर

सेकंडहँड मोबाईल घेताय? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ आधी समजून घ्या. वस्तू चोरीची आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला पुरेसं कारण असूनही ती अप्रामाणिकपणे घेतली, तर तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. नंतर कळल्यावर गुपचूप ठेवून घेतली तरी तेच! निम्म्याहून कमी भाव, बिल नाही, बॉक्स नाही आणि विकणाऱ्याची घाई, मग ‘मला काय माहीत’ म्हणणं जड जातं. चोरीनंतर थोड्याच काळात वस्तू तुमच्याकडे सापडली आणि ती कुठून आली हे सांगता आलं नाही, तर न्यायालय तुमच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. म्हणून *#०६# दाबून आयएमईआय (प्रत्येक मोबाईलचा स्वतंत्र ओळख क्रमांक) तपासा, विकणाऱ्याच्या सहीची पावती घ्या, पैसे ऑनलाइनच द्या.