श्रीलंकेला पुन्हा माणसं न्यायची तर

2019 च्या मे महिन्यात आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या भिशीतल्या बावीस बायकांची श्रीलंका सहल ठरली होती. 21 एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, कोलंबो, नेगोंबो आणि बट्टिकलोआ इथल्या तीन चर्चमध्ये आणि कोलंबोतल्या तीन मोठ्या हॉटेलांत बाँबस्फोट झाले. अडीचशेहून जास्त माणसं गेली. संध्याकाळपर्यंत बावीसही जणींचे फोन येऊन गेले. "तिकडं बाँब फुटल्यात आणि तू आम्हाला घेऊन चाललीस व्हय?" असं एका काकूंनी विचारलं, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

तुम्हीही मंडळाच्या, भिशीच्या सहली काढत असाल, तर अशा वेळी आधी पैसे परत द्या. हॉटेल आणि विमानाचे आपल्याला मिळायचे तेव्हा मिळतील. मला ती भर काढायला दिवाळी उजाडली. पण सहा महिन्यांनी त्याच बायका माझं ऐकून घ्यायला बसल्या, त्या कुणाशी वाद न घालता पैसे दिले म्हणूनच.

मग तिकडच्या आपल्या माणसाला फोन करा, आणि त्या फोनवर धंद्याचं काही बोलू नका. आमचा ड्रायव्हर कँडीचा. गाडी कर्जावर घेतलेली, हप्ता चालू, आणि गिऱ्हाईक नाही. त्या मे महिन्यात अख्ख्या श्रीलंकेत 38 हजारांहून कमी पर्यटक आले. आदल्या वर्षीच्या मेमध्ये 1 लाख 29 हजार आले होते. मी फक्त घरचे कसे आहेत एवढं विचारलं. ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. "मॅडम, कोल्हापूर वॉटर? हाऊस ओके?" त्यानं बातम्यांत आमचा पूर पाहिला होता.

त्या पुरानं मला जे शिकवलं ते इथं नीट सांगते, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद पडला. महाद्वार रोडच्या मागं माझ्या भावाचं आठ खोल्यांचं यात्री निवास आहे. तिथं पाणी आलंच नाही. पण टीव्हीवर होड्यांची तीच ती दृश्यं दिसत राहिली, आणि नवरात्र तोंडावर आलं तरी खोल्या रिकाम्या. सोलापूरहून, नाशिकहून फोन यायचे, "अंबाबाईच्या देवळात पाणी आहे का हो?" भाऊ सुरुवातीला सांगायचा, "काही झालेलं नाही, बिनधास्त या." समोरचा बरं म्हणून फोन ठेवायचा, तो पुन्हा करायचा नाही. ज्यानं टीव्हीवर होड्या पाहिल्यात त्याला 'काही झालं नाही' म्हटलं की तो आपल्यावरचा विश्वासच काढून घेतो. मग भावानं बोलणं बदललं. शाहूपुरीत पाणी होतं, तिथली दुकानं धुवायचं अजून चाललंय. हायवे सुरू झालाय. देऊळ, भवानी मंडप, महाद्वार रोड कोरडा होता. गाडी अमुक ठिकाणी लावा. एवढं सांगितल्यावर माणसं तारीख विचारायला लागली.

श्रीलंकेबद्दल मी अगदी तसंच केलं. मोठा नकाशा छापून आणला आणि एकीच्या घरी जमिनीवर पसरला. जिथं स्फोट झाले तिथं स्वतः लाल खुणा केल्या. नेगोंबो विमानतळाच्या अगदी जवळ आहे, तेही लपवलं नाही. कँडी कोलंबोपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत, नुवारा एलिया त्याच्याही पुढं डोंगरात, सिगिरिया आणखी वेगळ्या दिशेला. बायका नकाशावर ओणवून बोटानं अंतर मोजत होत्या. 'बेट सुरक्षित आहे' हे वाक्य मी वापरत नाही, तुम्हीही वापरू नका. परराष्ट्र मंत्रालयाची सूचना काय म्हणते ते वाचून दाखवा. एप्रिलमध्ये आपल्या सरकारनं अनावश्यक प्रवास टाळायला सांगितलं होतं, पुढं ते शिथिल झालं. ऑगस्टपासून श्रीलंकेनं भारतीयांना व्हिसाची फी माफ केली आणि त्याच महिन्यात तिथली आणीबाणीही संपली. हे तारखेसकट सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं काहीही पुढं पाठवू नका, चांगलं असलं तरी.

जानेवारीत सात जणी तयार झाल्या. सात जणींत गणित बसत नाही, तरी पहिला गट न्याच.

दराबद्दल मी हट्टी आहे. अशा वेळी हॉटेलवाले आपणहून भाव पाडतात. त्याच्याखाली घासाघीस करायची नाही. पुरानंतर आमच्या चप्पल लाईनीत एक गिऱ्हाईक म्हणताना मी ऐकलं, "पूर आलाय, आता तरी स्वस्त लावा." दुकानदारानं मान खाली घालून दिली चप्पल. मला ते अजून आठवतं. शक्य तिथं घरगुती मुक्काम घ्या, ड्रायव्हर नेहमीचाच घ्या, मसाले कँडीजवळच्या मातले गावच्या बागेतून घ्या. पैसा थेट हातात पडतो.

कोलंबोत स्फोट झालेल्या, कोच्चिकडेच्या सेंट अँथनी चर्चमध्ये जायचं की नाही यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. जूनमध्येच ते पुन्हा उघडलं होतं. मी म्हटलं, जाऊ, पण कॅमेरे गाडीत ठेवून. तिथं मंगळवारी सगळ्या धर्मांची माणसं नवस बोलायला येतात. आम्ही मेणबत्त्या लावल्या, दहा मिनिटं बसलो. दुःख झालेल्या ठिकाणी पाहुण्यानं फोटो काढू नयेत, आणि टाळूनही जाऊ नये, असं माझं मत आहे.

फोटो काढायचे ते रोजच्या गोष्टींचे. पांढऱ्या गणवेशातली शाळकरी पोरं, उघडी दुकानं, चहाच्या मळ्यातला रस्ता. परत आल्यावर मी स्वतः बोलले नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवात त्या सात जणींनाच बोलू दिलं. कुठं भीती वाटली तेही त्यांनी सांगितलं. चर्चच्या दारात पिशव्या तपासतात तेव्हा छातीत धडधडलं, असं एकीनं कबूल केलं. त्या दुपारी एप्रिलच्या गटासाठी चौदा नावं आली.

मार्चमध्ये कोरोनानं सगळंच बंद पडलं. पुन्हा पैसे परत, पुन्हा कँडीला फोन. पुढं तिथलं आर्थिक संकटही आलं. तरी 2024 मध्ये श्रीलंकेत 20 लाखांवर पर्यटक गेले आणि त्यांत सगळ्यात जास्त भारतातले होते.

कोण नकोच म्हणालं तर आग्रह धरू नका, अढीही धरू नका. पहिल्या दिवशी मला झापणाऱ्या त्या काकू अजून आलेल्या नाहीत. प्रत्येक सहलीआधी मी त्यांना यादी दाखवते, त्या नको म्हणतात, आणि परत येताना मी त्यांच्यासाठी मातलेहून दालचिनीची पुडी आणते.