शुगर फ्री चॉकलेट सिरपची बाटली घेताना मागचा तक्ता कसा वाचायचा

मागच्या उन्हाळ्यात तात्या (माझे वडील) डोळे दाखवायला लातूरला आमच्याकडं आले होते. शुगर आहे त्यांना, अकरा वर्षं झाली, गोळ्या चालू आहेत. दुपारच्या उन्हात त्यांना थंड दूध लागतं आणि नुसतं पांढरं दूध जात नाही, म्हणून मी गंजगोलाईच्या बाजारातून शुगर फ्री चॉकलेट सिरप आणलं, पुढं मोठ्या अक्षरात शुगर फ्री लिहिलेलं, म्हणलं झालं काम. तात्या रोज मोठ्या ग्लासात तीन चमचे टाकून प्यायला लागले, आणि मी बाटली बाजूला सरकवली की म्हणायचे "कामून गं भितीस, शुगर फ्रीच हाय की." तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं, आणि दूध पिल्यावर दोन तासांनी बोट टोचून बघितलं तर २३८. तेव्हा ओट्यापाशी उभं राहून मोबाइलचा टॉर्च लावून मागचं बारीक छापलेलं पहिल्यांदा नीट वाचलं. तेच कसं वाचायचं ते सांगते, कारण ज्यांच्या घरी शुगरचं माणूस आहे त्यांना हे कुणीच समजावून सांगत नाही.

आधी शुगर फ्री म्हणजे काय ते बघा. आपल्याकडच्या एफएसएसएआयच्या (खाण्यापिण्याच्या वस्तूंचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) नियमात १०० ग्रॅम किंवा १०० मिलीमध्ये साखर ०.५ ग्रॅमच्या वर नको, एवढाच त्याचा अर्थ आहे. कार्बोहायड्रेट किती, कॅलरी किती, यावर तो शब्द काहीच बोलत नाही. आणि "नो ॲडेड शुगर" हे अजून वेगळं प्रकरण, त्यात वरून साखर टाकलेली नसते पण मुळातली असू शकते, खजुराचं सिरप तसंच असतं. गूळ घातलेलं तर शुगरवाल्यांसाठी साखरच समजा.

आता बाटली फिरवा आणि तक्त्याच्या आधी घटकांची यादी वाचा. जे जास्त वजनाचं ते आधी लिहायचं असा नियम आहे, म्हणून पहिली तीन-चार नावं वाचली की बाटलीत खरं काय आहे ते कळतं. बहुतेक वेळा पाणी, मग गोडवा देणारं काहीतरी, मग कोको, आणि शेवटी घट्टपणासाठी डिंकासारखे पदार्थ. गोडव्याच्या जागी काय लिहिलंय तिथं सगळा खेळ आहे. माल्टिटॉल (यादीत त्याचा नंबर ९६५ असतो) असेल तर ते साखरेसारखं घट्ट आणि चवीला छान लागतं, पण त्याच्या एका ग्रॅमला दोनच्या वर थोड्या कॅलरी असतात (साखरेला ४) आणि रक्तातली साखर ते वाढवतंच, साखरेपेक्षा कमी पण वाढवतं. एरिथ्रिटॉल (९६८) असेल तर कॅलरी जवळजवळ नाहीतच, साखरही वाढत नाही. सुक्रालोज (९५५) साखरेच्या ६०० पट गोड असतं म्हणून चिमूटभरच लागतं, त्याचा हिशोब धरायची गरज नाही. आणि माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर सरळ बाटली परत ठेवा, तक्त्यातल्या साखरेच्या ओळीत ते दिसत नाही पण रक्तात साखरेसारखंच झपकन चढतं.

मग तक्ता. साखरेच्या ओळीकडं सगळे बघतात आणि तिथं ० किंवा ०.३ बघून खूश होतात, मीही तेच केलं असतं. तुम्ही एकूण कार्बोहायड्रेटची ओळ बघा आणि तिच्याखाली पॉलिऑल किंवा शुगर अल्कोहोल लिहिलंय का ते बघा (माल्टिटॉल, एरिथ्रिटॉल यांचंच हे एकत्र नाव, दारूचा काही संबंध नाही). समजा १०० ग्रॅमला कार्बोहायड्रेट ५० ग्रॅम, त्यातले पॉलिऑल ४२, आणि माल्टिटॉलच्या बाटलीवर कॅलरी १५४ असं छापलंय. एरिथ्रिटॉल असेल तर ५० मधून ते ४२ पूर्ण वजा करा, अंगाला लागणारे राहिले ८. माल्टिटॉल असेल तर निम्मेच वजा करायचे, म्हणजे राहिले २९. बाहेरून दोन्ही बाटल्या सारख्याच, दोन्हीवर शुगर फ्री, आणि शुगरच्या माणसासाठी फरक किती पडला बघा.

पुढचं म्हणजे चमचा. कंपनीचा एक सर्व्हिंग बऱ्याचदा १५ मिलीचा असतो आणि आपण घरातला जो हाताला लागेल तो चमचा घेतो, वरून सिरप घट्ट असतं त्यामुळं ते चमच्यावर ढीग होऊन येतं. मी किचनच्या काट्यावर वाटी ठेवून तात्यांच्या हातानं तीन चमचे टाकायला लावले, ४५ ग्रॅम भरले. वरच्या हिशोबानं म्हणजे साधारण ६९ कॅलरी, आणि माल्टिटॉल धरून अंगाला लागणारे कार्बोहायड्रेट १३ ग्रॅम. साध्या चॉकलेट सिरपमध्ये निम्म्याहून जास्त साखरच असते त्यामुळं त्यापेक्षा हे बरंच, ते मी नाकारत नाही. पण ज्या दुधात ते टाकलं ते कुणी मोजलं? पाव लिटर म्हशीच्या दुधात दुधाचीच साखर १२ ग्रॅमच्या आसपास आणि कॅलरी अडीचशेच्या घरात. दोन्ही मिळून २५ ग्रॅम झाले, म्हणजे दीड-पावणेदोन फुलके खाल्ल्यासारखं, आणि ते जेवणानंतर वरून.

पोट का बिघडलं तेही मागंच लिहिलेलं होतं. पॉलिऑल आतड्यात पूर्ण शोषले जात नाहीत, खाली जाऊन पाणी ओढतात आणि गॅस करतात, म्हणून जास्त झालं तर जुलाब होतात. वरच्या हिशोबानं तीन चमच्यांतून तात्यांच्या पोटात रोज १९ ग्रॅम पॉलिऑल जात होतं. सुरुवात एका छोट्या चमच्यानं करा, दोन दिवस बघा. लेकरांना तर रोज देऊच नका, त्यांना त्या अति गोड चवीची सवय लागते. वजन कमी करायला म्हणून आणत असाल तर जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्येच सांगितलंय की वजनासाठी सुक्रालोजसारख्या गोडव्यांवर विसंबू नका, ज्यांना आधीच डायबेटीस आहे त्यांना मात्र तो सल्ला लागू नाही.

प्रोटीन, कॅल्शियम, लोह वगैरे सिरपमधून शोधू नका, चमचाभरात नावालाच असतं. सोडियम तेवढं बीपी असणाऱ्यांनी बघावं.

आता मी घरीच करते. ५० ग्रॅम साधी कडू कोको पावडर (ड्रिंकिंग चॉकलेटचा डबा नको, त्यात साखर असते), ८० ग्रॅम एरिथ्रिटॉल, चिमूट मीठ, एवढं कोरडंच एकत्र करून घ्यायचं म्हणजे गुठळ्या होत नाहीत, मग २०० मिली पाणी थोडं थोडं टाकत मंद आचेवर सात-आठ मिनिटं सारखं हलवायचं, तळाला लागलं तर कडवट वास येतो. साधारण वीस चमचे होतं, चमच्याला सहा-सात कॅलरी आणि कोकोचा थोडा फायबर. काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं. थंडीनं तळाशी खडे बसतात, एरिथ्रिटॉलचंच ते, खराब झालं समजून फेकू नका, बरणी गरम पाण्यात ठेवली की विरघळतं. दूध आता गायीचं, दीडशे मिली, एक चमचा, आणि नाश्ता-जेवणाच्या मधल्या वेळेत. पहिले चार दिवस दोन तासांनी शुगर बघून डायरीत लिहिली, तुम्हीही लिहा, कारण प्रत्येकाचं अंग वेगळं.

आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. शुगरच्या माणसाला एकदम घाम सुटला, हात थरथरायला लागले, म्हणजे शुगर खाली गेली असेल तेव्हा ही बाटली काही कामाची नाही, तेव्हा खरीच साखर लागते, तीन छोटे चमचे पाण्यात ढवळून लगेच, आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. मायनं एकदा घाईत तात्यांना हेच शुगर फ्री दूध दिलं होतं, गोडच आहे म्हणून. आता फ्रीजच्या दारात सिरपच्या बरणीशेजारी ग्लुकोज पावडरचा डबा असतो आणि त्यावर मी मार्करनं मोठ्या अक्षरात लिहिलंय, "घाम आला तर हे".