निर्दयी कंपनीची कमांड रूम लिहायची असेल तर आधी भिंतीवरचं घड्याळ ठरवा

परग्रहावरची वसाहत आणि ती चालवणारी कंपनी अशी कथा असली की कमांड रूमचा सीन येतोच, आणि बहुतेक वेळा तोच तो येतो. काळ्या काचा, निळा उजेड, मधोमध होलोग्राम, आणि हात मागे बांधून उभा असलेला साहेब जो शांतपणे म्हणतो, सेक्टर सातची हवा बंद करा. मी अकरा वर्षं एका केमिकल प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये पॅनलवर शिफ्ट केली आणि सुट्टीच्या दिवशी कथा लिहितो, त्यामुळे असा सीन वाचला की हळहळ वाटते, कारण चांगली जागा हातात असून लेखक ती घालवतो. खऱ्या कंट्रोल रूममध्ये कोणी ओरडत नाही, कोणी दुष्ट हसत नाही, चहा येतो, लॉगबुक भरलं जातं, कोणीतरी मुलीच्या ॲडमिशनबद्दल बोलत असतं, आणि माणसांच्या जिवावर उठणारा निर्णय कधीच कुठल्यातरी मीटिंगमध्ये होऊन गेलेला असतो, इथे फक्त आकडा टाकायचा असतो. ही खोली अशी लिहायची की क्रूर काम करणं तिथे सोपं वाटलं पाहिजे, रोजचं वाटलं पाहिजे. ते कसं जमवायचं ते सांगतो.

लिहायला बसलात की पहिल्यांदा स्क्रीनचा विचार करू नका, घड्याळाचा करा. समजा वसाहत मंगळावर आहे. तिथला दिवस २४ तास ३९ मिनिटं आणि वर काही सेकंदांचा, म्हणजे आपल्यापेक्षा रोज ३९ मिनिटं जास्त. आता ही ३९ मिनिटं कोणाची? कंपनी आठ आठ तासांच्या तीन शिफ्ट लावणार, मग ही उरलेली मिनिटं ती हँडओव्हरच्या नावाखाली खाणार का, पगार २४ तासांचा देऊन काम २४ तास ३९ मिनिटांचं घेणार का, की माणसांना पृथ्वीच्या वेळेवरच ठेवणार, म्हणजे काही दिवसांनी ‘सकाळची शिफ्ट’ भर काळोखात सुरू होईल? एवढ्या एका प्रश्नातून अख्खी कंपनी उभी राहते.

आणि ही ३९ मिनिटं आपल्याकडे खरोखर घडून गेलेली आहेत. जुना मुंबई टाइम हा इंडियन स्टँडर्ड टाइमपेक्षा ३९ मिनिटं मागे होता. १९०६ साल उजाडलं, नवीन वेळ लागू झाली, गिरणीत घड्याळ पुढे केलं गेलं, म्हणजे सूर्य आहे तिथेच आणि कामाला मात्र ३९ मिनिटं आधी उभं राहायचं, आणि त्याच जानेवारीत मुंबईत हजारो गिरणी कामगारांनी काम टाकून गिरणीवर दगडफेक केली. शहरात जुना मुंबई टाइम पुढेही कित्येक वर्षं लोकांनी धरून ठेवला होता. ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी वहीत तेवढा आकडाच मोठ्या अक्षरात लिहून ठेवला, कारण मंगळाचा जास्तीचा वेळ आणि गिरणगावातून गेलेला वेळ एकच निघाला, आणि मराठीत लिहिणाऱ्याला याहून जवळचा धागा कुठे मिळणार. आसामच्या चहाच्या मळ्यांत अजूनही ‘बागान टाइम’ असतो, आपल्या वेळेच्या एक तास पुढे. ॲमेझॉनच्या जंगलात हेन्री फोर्डने रबरासाठी फोर्डलँडिया नावाचं गाव वसवलं, आणि तिथे १९३० मध्ये जेवणघरात ठिणगी पडून दंगल झाली तेव्हा कामगारांनी हजेरीची घड्याळं फोडली. फोर्ड स्वतः त्या गावात एकदाही गेला नाही, हे पण लक्षात ठेवा, तुमच्या चेअरमनला कामाला येईल.

तेव्हा भिंतीवर दोन घड्याळं लावा. एकावर पितळी पाटी, हेड ऑफिसची वेळ, रोज पुसलेलं. दुसरं वसाहतीच्या सूर्याचं, त्याची काच तडकलेली, वरून चिकटपट्टी. वाचकाला यापुढे काही समजावून सांगायची गरज पडत नाही.

दुसरी गोष्ट अंतर. मंगळ आणि पृथ्वी जवळ असतील तेव्हा सिग्नलला एका बाजूने साधारण ३ मिनिटं लागतात आणि लांब असतील तेव्हा २२ च्या आसपास, म्हणजे प्रश्न विचारून उत्तर यायला पाऊण तास. त्यात दर २६ महिन्यांच्या सुमाराला सूर्य मधे येतो तेव्हा मंगळावरच्या यानांना साधारण दोन आठवडे कमांड पाठवणं थांबवतात. त्यामुळे पृथ्वीवरचा साहेब व्हिडिओवर येऊन धडाधड हुकूम सोडतोय हा सीन फिजिक्सलाच मान्य नाही. कंपनी लांबून राज्य करते ती नियमांच्या पुस्तकातून. परिस्थिती अशी आली तर असं करा, तशी आली तर तसं, आणि पुस्तकात नसेल तर जबाबदारी तुमची.

या शेवटच्या वाक्याचा नमुना आपल्याच इतिहासात आहे. ईस्ट इंडिया कंपनीचं ऑफिस लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर, आणि तिथून आपल्या किनाऱ्यावर पत्र यायला जहाजाने सहा सहा महिने. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा आणि गोळे घेऊन त्याच्या मदतीला गेले, वर आपलं निशाण पण फडकवलं. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरवर येऊन वखार खणून काढली आणि त्या लोकांना कैदेत टाकलं. कैदेतून त्यांनी सुरतेच्या वरिष्ठांना सोडवा म्हणून लिहिलं, तर वरिष्ठांनी उलट कळवलं की तुम्ही कंपनीच्या मालाचं रक्षण करताना पकडले गेला नाहीत, इंग्रजी निशाण लावून पन्हाळ्यावर गोळे टाकायला गेलात म्हणून आत आहात. आपल्याच नोकराला लिहिलेलं हे पत्र बघा, त्यात एक शिवी नाही. तुमच्या कमांड रूममधल्या मॅनेजरला हे उत्तर येणार आहे हे त्याला मनातून माहीत असलं पाहिजे, आणि तो जे काही करतो ते या भीतीने करतो असं लिहा, मग तो कागदी व्हिलन राहत नाही.

आता खोलीत माणसं कोण. साहेब जवळजवळ नसतोच. असतात दोन-तीन पॅनल ऑपरेटर, एक शिफ्ट इनचार्ज, वायरलेसवर बाहेर फिरणारा फील्डवाला. हा फील्डवाला विसरू नका, कारण पॅनलवाला आकडा बघतो आणि फील्डवाला वास घेतो, हाताने पाइप गरम आहे का बघतो, आणि दोघांचं म्हणणं जुळत नाही तिथे गोष्ट सुरू होते. पॅनलवाल्याची बोली साधी असते, ‘दोन नंबर ट्रिप झालाय, बघ जरा’, ‘इंटरलॉक बायपासला आहे, लिहिलंय का’, ‘अलार्म जुनाच आहे, मार ॲक्नॉलेज’. ट्रिप म्हणजे यंत्र आपोआप बंद पडणं, इंटरलॉक म्हणजे धोका दिसला की यंत्र थांबवणारी सोय, ॲक्नॉलेज म्हणजे अलार्म बघितल्याची पोच. आमच्या पॅनलच्या कीबोर्डवर सगळी अक्षरं ठळक होती, फक्त ॲक्नॉलेजच्या बटणावरची पार पुसून बोटाच्या आकाराची गुळगुळीत खळगी पडली होती. नवीन पोरगं आलं की विचारायचं हे बटण कशाचं, आणि पंधरा दिवसांत त्याचं बोट न बघता तिकडे जायला लागायचं. एवढं एक बटण लिहिलंत तरी खोली जिवंत होते.

स्क्रीनवर काय दिसतं यापेक्षा काय दिसत नाही ते ठरवा. १९७९ मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला, त्यात एक व्हॉल्व्ह उघडा अडकला होता आणि पॅनलवरचा दिवा सांगत होता की बंद आहे. खरं म्हणजे तो दिवा व्हॉल्व्ह बंद झाला असं सांगतच नव्हता, बंद हो असा सिग्नल गेला एवढंच सांगत होता. निर्दयी कंपनीचा अख्खा डॅशबोर्ड असा लिहिता येतो, हुकूम गेला की हिरवा, पुढे झालं की नाही ते मोजायला सेन्सरच बसवलेला नाही, कारण सेन्सरला पैसे लागतात.

अलार्मबद्दल थोडं जास्त लिहितो कारण सायफायवाले इथे हमखास चुकतात, लाल दिवा फिरतो आणि भोंगा वाजतो आणि सगळे पळतात. नीट चालणाऱ्या प्लांटमध्ये एका ऑपरेटरला सरासरी दहा मिनिटाला एक अलार्म एवढं ठीक मानतात. थ्री माइल आयलंडला पहिल्या काही मिनिटांत शंभरच्या वर अलार्म आले, मग त्यातला कुठला महत्त्वाचा हे कोणाला कळणार. म्हणजे अलार्म वाजत नाही ही भीती नाहीच, तो इतका वाजतो की ऐकू येत नाही ही भीती आहे. आणि मग लोक तो बंद करून ठेवतात. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर हॉरायझन या तेलविहीर खणणाऱ्या रिगवर स्फोट होऊन ११ माणसं गेली, तिथल्या टेक्निशियनने चौकशीत सांगितलं की जनरल अलार्म आपोआप वाजू नये असा करून ठेवला होता, का तर खोट्या अलार्मने रात्री लोकांची झोपमोड होते. कारण किती समजूतदार आहे बघा, कोणीही सही करेल.

भोपाळचं तर प्रत्येक लेखकाने वाचावं, आणि आदराने वाचावं. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री साडेदहाच्या आसपास विषारी रसायनाच्या टाकीचा दाब २ होता आणि अकराच्या सुमाराला १०, मधे शिफ्ट बदलली होती, आणि १० हा आकडा ‘चालतो’ अशा मर्यादेतलाच होता. टाकी थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन कित्येक महिने आधीच बंद केलेलं होतं. दाब वाढला ही बातमी दोन शिफ्टच्या फटीत पडली. मी स्वतः नाईटला बसायचो तेव्हा ही फट मला दर वेळी आठवायची, आणि जाणाऱ्याला मी मागच्या दोन तासांचे आकडे तोंडी विचारल्याशिवाय सोडत नसे, त्यावरून एकदा वरिष्ठांचं बोलणंही खाल्लं की तू हँडओव्हर लांबवतोस, ओव्हरटाइम लागतो. तुमच्या कथेत अपघात घडवायचा असेल तर तो या फटीत घडवा, बॉम्ब वगैरे नको.

खोलीच्या दिसण्याबद्दल एकच सांगतो. चिलीत १९७२ च्या सुमाराला सायबरसिन नावाच्या प्रकल्पात अख्ख्या देशाचे कारखाने बघायला एक ऑपरेशन रूम बांधली होती, ती निर्दयी मुळीच नव्हती, पण गोलात सात खुर्च्या, कीबोर्ड नाही, खुर्चीच्या हातातच मोठी बटणं, आणि भिंतीवरचे तक्ते आपोआप आल्यासारखे दिसायचे, प्रत्यक्षात माणसांनी काढलेल्या स्लाइड्स मागून टाकलेल्या असायच्या. तुमच्या भिंतीमागे तक्ते काढणारी एक व्यक्ती ठेवा. तिला खरा आकडा माहीत असतो.

मग प्रत्यक्ष क्रूरपणा कुठे ठेवायचा? हवेत. माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे ४०० माणसांची वसाहत ३३६ किलो. पण ऑक्सिजन तोडणं हे फार उघड झालं. त्यापेक्षा सीओटू घ्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो हवेतून काढणाऱ्या यंत्राला, म्हणजे स्क्रबरला, वीज लागते, थोडा जास्त राहू दिला तर माणूस मरत नाही, डोकं दुखतं, सुस्ती येते, कामात चुका होतात. स्पेस स्टेशनवर सुद्धा तो आपल्या बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो आणि अंतराळवीरांच्या डोकेदुखीच्या तक्रारी आलेल्या आहेत. म्हणजे कंपनीला वीज वाचते, आणि चुका करणाऱ्या कामगाराचा दंड वर मिळतो. मी एका कथेत हे असं लिहिलं होतं (हॅब म्हणजे वसाहतीतला राहायचा विभाग, सेटपॉइंट म्हणजे यंत्राला धरून ठेवायला सांगितलेली पातळी):

‘रात्री दोनला सर्क्युलर आलं. हॅब तीन, सीओटू सेटपॉइंट ४ वरून ६, कारण वीजबचत, पुढील सूचनेपर्यंत. तिने दोनदा वाचलं, खालची सही बघितली, आकडा टाकला. स्क्रीनने विचारलं, खात्री आहे? तिने हो दाबलं. स्क्रबरचा पंखा मंदावला आणि कोपऱ्यातला विजेचा आकडा खाली सरकला. लॉगबुकात लिहिलं, ०२:१०, हॅब तीन, सेटपॉइंट बदल, सर्क्युलरप्रमाणे. हॅब तीनमध्ये पाळणाघर आहे हे तिला माहीत होतं, तिचा भाचा तिथेच झोपायचा. पण स्क्रीनवर हॅब तीनच्या पुढे १४२ लोड एवढंच यायचं. तिने डबा उघडला, भाजी गार झाली होती.’

पहिल्या खर्ड्यात ती रडते असं होतं, ते मी काढलं, कारण रडली की वाचक तिच्याबरोबर मोकळा होतो. ‘१४२ माणसं’ असं पण होतं, तिथे ‘लोड’ केलं. कंपनी माणसाला काय म्हणते तो शब्द तुम्हाला शोधावाच लागेल, आणि तो शिवीसारखा नको, हिशेबाचा हवा. गिरण्यांमध्ये रोज गेटवर येऊन काम मिळेल का बघणाऱ्याला ‘बदली’ म्हणायचे, वर्षानुवर्षं काम करून पण बदलीच. इतका साधा शब्द आणि त्यात माणसाचं आख्खं आयुष्य अडकलेलं.

एक सवय लावून घ्या, सीन लिहायच्या आधी त्या शिफ्टचं लॉगबुकचं पान लिहा, वेळ, आकडा, सही, आठ तासांच्या पंधरा-वीस नोंदी, कथेत त्यातली एकही आली नाही तरी चालेल. ते पान लिहिताना कळतं की तुमची माणसं कशाकडे बघतायत आणि कुठली ओळ लिहायची टाळतायत. आणि सीन संपवायचा तो हँडओव्हरवर. जाणारी उठते, येणारा खुर्ची आपल्या उंचीला करून घेतो, हेडसेटचा स्पंज पुसतो, विचारतो काही विशेष? ती जॅकेट घालता घालता सांगते, हॅब तीनला डोकेदुखीच्या तक्रारी आहेत, मेडिकलला कळवलंय, बाकी नॉर्मल.