आपोआप वाढलेलं जंगल नकाशावर आणताय? या चुका टाळा

ऑक्टोबरची उपग्रहाची इमेज घेऊन सोलापूर जिल्ह्याचा एनडीव्हीआय (हिरवाई किती ते सांगणारा आकडा) काढला की जीव सुखावतो, सगळं हिरवंगार, आणि तिथंच फसायला होतं. मी पहिल्यांदा केला तेव्हा मोहोळकडं एक दाट पट्टा दिसला, म्हटलं सापडलं जंगल, मित्राला घेऊन गाडीवर गेलो तर आडसाली ऊस! मित्र म्हणाला, कोल्हा शिरतो की यात, तेवढंच जंगल.

म्हणून एका तारखेवर कधीच जाऊ नका. एप्रिलअखेरची इमेज पण घ्या, तोवर गवत वाळलेलं असतं, ज्वारी निघालेली असते, उरतात झाडं, ऊस आणि बागा. आता यातला ऊस कसा ओळखायचा? चार-पाच वर्षांचा एनडीव्हीआयचा ग्राफ काढा. तोडणी झाली की ऊस धाडकन खाली येतो, आपोआप वाढणारी झाडी दरवर्षी वरखाली होत होत हळूहळू चढते. डाळिंबाची बाग जरा लबाड असते, बहार धरायला पाणी तोडतात तेव्हा पानगळ होते आणि ग्राफ झाडीसारखाच हलतो, तिथं झूम करून ओळी दिसतात का बघायचं.

वर्षं निवडताना पण डोकं लावा. २०१८ चा दुष्काळ आणि २०२० चा धो धो पाऊस शेजारी ठेवले तर "जंगल वाढलं" असंच दिसणार, वाढलेला असतो पाऊस.

आता जे मला दोन दिवस छळत होतं ते. २०२२ पासून अख्ख्या जिल्ह्याचा एनडीव्हीआय घसरलेला! कारण काय तर २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनल-२ या उपग्रहांच्या डेटात प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले येतात, जुना-नवा कच्चा डेटा एकत्र केला की खोटी घसरण. गूगलच्या अर्थ इंजिनमध्ये (उपग्रहाचा डेटा ऑनलाइन तपासायची सोय) हार्मोनाइज्ड, म्हणजे हा फरक काढून टाकलेलं कलेक्शन घ्या, विषय संपला. लँडसॅट ७ या उपग्रहाच्या इमेजमध्ये मे २००३ नंतर पट्ट्या दिसल्या तर तुमची चूक नाही, त्याचा स्कॅनरच बिघडलेला.

क्षेत्रफळ अंशांमध्ये मोजू नका, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी लेयर ईपीएसजी ३२६४३ मध्ये (आपल्या भागाची मीटरमध्ये मोजणारी पद्धत) रिप्रोजेक्ट करा. सेंटिनलचा एक पिक्सेल म्हणजे साधारण एक गुंठा, लँडसॅटचा नऊ गुंठे, त्यामुळे ओढ्याकाठची बारीक झाडी लँडसॅटमध्ये गायब होते.

वेडी बाभूळ आपोआपच वाढते आणि उन्हाळ्यातही हिरवी असते, ती मोजायची का नाही हे आधीच ठरवा, नाहीतर निम्मा नकाशा तिचाच होतो. आणि सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ "उजाड" म्हणून रंगवू नका राव, माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं ते त्या गवतामुळंच.

शेवटी जीपीएस घेऊन जावं लागतंच. पॉइंट घेताना तिथल्या गुराख्याला विचारा, चराई कधीपासून बंद आहे. ग्राफ नेमका कुठून चढायला लागला ते त्याच्या उत्तरावरून बऱ्याचदा कळतं.