घरी लिनक्स, कॉलेजात विंडोज: विमच्या सेटिंग एकाच फाइलीत

दारव्ह्याकडच्या गावात घरी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट, यवतमाळला लॅबमध्ये विंडोज, मधे ये-जा करणारा पेनड्राइव्ह. अशा वेळी विम या टेक्स्ट एडिटरच्या सेटिंग लिहिलेली फाइल, म्हणजे विमआरसी, दोन मशीनसाठी दोन वेगळी ठेवू नका. एक दुरुस्त केली की दुसरी मागे राहतेच.

आधी जागा ठरवा. लिनक्सवर विम होम फोल्डरमध्ये 'डॉट विमआरसी' शोधतो, विंडोजवर 'अंडरस्कोर विमआरसी'. पुष्कळ जण सिमलिंक, म्हणजे दुसरीकडच्या खऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी फाइल, करा म्हणतात. पण विंडोजवर त्याला अ‍ॅडमिनचे हक्क किंवा डेव्हलपर मोड लागतो, लॅबमध्ये ते कोण देणार? फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर तर सिमलिंक बनतच नाही. त्यापेक्षा खरी फाइल दोन्हीकडे होममधल्या एका फोल्डरात ठेवा आणि दोन्हीकडच्या विमआरसीत एकच ओळ लिहा: 'सोर्स', पुढे त्या फाइलीचा पत्ता. पत्ता टिल्डने (~, म्हणजे होम फोल्डर) सुरू करा, म्हणजे युजरचं नाव लिहावं लागत नाही. पत्त्यातली तिरकी रेघ फॉरवर्ड स्लॅशच (/) द्या. विंडोजवरचा विमही ती घेतो.

खरी डोकेदुखी ओळींच्या शेवटाची. विंडोजच्या नोटपॅडमध्ये तयार केलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीअखेर दोन अदृश्य अक्षरं असतात, लिनक्सला एकच चालतं. घरी विम उघडला की ई४९२ या एररची रांग लागते आणि ओळींच्या शेवटी '^एम' दिसतो. सेटिंग बरोबर असतात, शेपूट नडतं. फाइल विममध्ये उघडा, 'सेट फाइलफॉरमॅट=युनिक्स' द्या, सेव्ह करा. विंडोजवरचा विम ही फाइल बिनतक्रार वाचतो. फाइलींमधले बदल नोंदवणारं गिट वापरत असाल तर 'डॉट गिटअ‍ॅट्रिब्यूट्स'मध्ये या फाइलीसाठी 'ईओएल=एलएफ' लिहाच, नाहीतर विंडोजवरचं गिट ओळी परत बदलू शकतं.

पहिल्या ओळीत 'सेट एन्कोडिंग=यूटीएफ-८' असू द्या; जुन्या विंडोज विममध्ये त्यावाचून मराठी कॉमेंटचा चिवडा होतो.

जे खरोखर वेगळं आहे तेवढंच 'इफ'मध्ये घाला. तपासायला 'हॅज' फंक्शनला 'विन३२' द्या, ६४ बिट विंडोजवरही हेच चालतं. फॉन्ट इथे येतो: जीविममध्ये (विमच्या स्वतंत्र खिडकीच्या रूपात) विंडोजवर नावापुढे कोलन, 'एच' आणि आकडा, लिनक्सवर नुसती मोकळी जागा आणि आकडा.

आपल्याकडे लाइन कधी जाईल सांगता येत नाही आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी नावालाच असते, म्हणून स्वॅप फाइल (सेव्ह न केलेलं काम परत मिळवून देणारी) बंद करू नका. तिचं फोल्डर 'डिरेक्टरी' सेटिंगमध्ये होमखाली द्या, पेनड्राइव्हवर नको. विम ते फोल्डर आपणहून बनवत नाही. नसेल तर ई३०३ येतो. त्यामुळे त्याआधी फोल्डर बनवणारं 'एमकेडीआयआर' फंक्शन 'पी' पर्यायासह लिहा, फोल्डर आधीच असलं तरी नव्या विममध्ये ते कुरकुरत नाही.

एकाच मशीनपुरतं काही उरलं, तर ते तिथल्याच वेगळ्या फाइलीत ठेवा. मुख्य फाइलीच्या शेवटी 'फाइलरीडेबल'ने ती आहे का बघा, असेल तरच सोर्स करा. ही फाइल पेनड्राइव्हवर न्यायची नाही.