मूल गप्प गप्प झालंय? आधी त्याच्या शेजारी बसा

आमच्याकडे पोर घुमं झालं की पहिल्यांदा म्हणतात, 'वयच तसं आहे.' मग म्हणतात, 'कुणाची तरी नजर लागली.' मुलगा नववीत असताना मी दोन्ही म्हणून पाहिलं आणि त्यात दोन महिने घालवले. त्याला विचारूनच हे लिहितेय.

आधी नीट बघा. दार लावून बसणं, रात्री उशिरा झोपणं या वयात असतंच. बदल कशात झालाय ते शोधायचं. माझा मुलगा रोज संध्याकाळी खाडीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला जायचा. महिनाभर त्याची गरी खुंटीलाच होती, तिला गंज चढला. मला वाटलं, बरं झालं, अभ्यासाला लागला. आवडीची गोष्ट सुटणं, बांगड्याचं तिखलं असूनही ताट सरकवणं, सारखी पोटदुखी, उडालेली झोप, ही लक्षणं. या वयातली उदासी पुष्कळदा चिडचिडीतून बाहेर पडते. दोन आठवडे असंच चाललं तर आणखी वाट बघू नका.

मग बोला, पण समोर बसवून उलटतपासणी नको. आम्ही पडवीत कोलंबी सोलत होतो. "हल्ली गरवायला जात नाहीस रे," एवढंच म्हणून मी गप्प राहिले. अर्धी कोलंबी सोलून झाल्यावर तो म्हणाला, "आई, काहीच नको वाटतं." अशा वेळी 'तुला काय कमी आहे?' हे ओठांवर येतं, ते गिळा. शेजारच्या मुलाचं उदाहरण आणि आपल्या कष्टांची कहाणीही गिळा. 'कधीपासून वाटतंय?' एवढंच विचारा. वडील मुंबईला असतील, तर फोनवर त्यांचा पहिला प्रश्न अभ्यासाचा नसावा. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, साठ टक्क्यांच्या पोराला त्याचंही ओझं होतं.

'मी नसलेलोच बरा' असं काही कानावर आलं, तर सरळ विचारा, 'जीव द्यायचे विचार येतात का?' विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका. बागेतल्या फवारणीची औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात घाला. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कुठे जायचं कळत नसेल तर १४४१६ लावा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, २४ तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही दाखवता येतं. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं की लोक दचकतात, पण तिथे नुसतं तपासून घरी येता येतं. देवाला गाऱ्हाणं घालायचं तर जरूर घाला, फक्त डॉक्टरांची तारीख चुकवू नका. आणि औषध सुरू झालं, तर बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

आमचं समुपदेशन चार महिने चाललं. मध्ये दोनदा तो पुन्हा गप्प झाला, तेव्हा मी पुन्हा कोलंबी घेऊन पडवीत बसले.