खाऱ्या पाण्याच्या पहिल्या टाकीसाठी फिल्टर निवडताना

गोड्या पाण्याचे मासे पाळलेला माणूस रीफ टँकच्या (कोरल म्हणजे प्रवाळ ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या) नादी लागला की दुकानात जाऊन आधी विचारतो, "फिल्टर कुठला देता?" दुकानदार कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्यातला फिल्टर, पुढे करतो. तो घेऊ नये असं नाही, पण त्यातला स्पंज दर आठवड्याला धुवावा लागतो. महिनाभर विसरलात तर अडकलेली घाण तिथेच कुजते आणि नायट्रेट वाढत जातं. वाळूखाली बसवायचा अंडरग्रॅव्हल फिल्टर मात्र सरळ नाकारा.

इथले आकडे 90×45×45 सेंमी टाकीचे आहेत. काचेच्या मापाने ती 182 लिटरची होते, पण दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा करता पाणी साधारण 150 लिटरच राहतं.

खरा फिल्टर म्हणजे दगड. सच्छिद्र दगडाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. आत खोलवर, जिथे ऑक्सिजन कमी पोहोचतो, तिथे थोड्या नायट्रेटचा वायू होऊन निघून जातो. या टाकीला 15 ते 18 किलो कोरडा दगड पुरतो. भिंतीसारखा गच्च रचू नका, मधून पाणी फिरलं पाहिजे. मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचे तुकडे उचलून आणायचा विचारही नको: दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची 1चं संरक्षण आहे. कोरडा दगड निर्जीव असतो, म्हणून बाटलीतले जिवाणू घाला आणि थोडा अमोनिया घालून तो 2 पीपीएमवर (दहा लाख भागांत 2 भाग) न्या. तेवढा अमोनिया 24 तासांत शून्यावर येऊ लागला आणि नायट्राइटही शून्य दिसलं की पहिला मासा. याला चार ते सहा आठवडे लागतात.

पैसे खर्चायचे ते प्रोटीन स्किमरवर. बारीक बुडबुड्यांना चिकटून मलमूत्र आणि उरलेल्या खाण्यातली सेंद्रिय घाण वर येते, फेस होऊन कपात साठते. म्हणजे कुजून अमोनिया होण्याआधीच बाहेर जाते. खोक्यावर बहुधा दोन क्षमता लिहिलेल्या असतात, कमी माशांसाठी आणि जास्त माशांसाठी. दुसरा आकडा बघा आणि तो 200 ते 300 लिटरच्या दरम्यान असू द्या. फार मोठा स्किमरही कामाचा नाही. घाणच कमी असली की फेस कपापर्यंत चढत नाही. नवा स्किमर पहिले काही दिवस वेड्यासारखा वागतो, एक तर फेसच नाही, नाहीतर कप भरून वाहतो. रोज स्क्रू फिरवत बसू नका, आठवडा-दोन आठवडे जाऊ द्या. कोरल चिकटवायचं इपॉक्सी वापरल्यावरही तो उतू जातो, तेव्हा कप काढून ठेवा किंवा स्किमर थोडा वेळ बंद ठेवा. स्किमर ज्या कप्प्यात उभा राहील तिथली पाण्याची उंची ठरलेली हवी (मॉडेलच्या पत्रकात दिलेली असते, बरेचदा 18 ते 22 सेंमी).

हा कप्पा सम्पचा, म्हणजे फिल्टरची सामग्री ठेवायच्या खालच्या छोट्या टाकीचा. खालच्या कपाटात 60×35×35 सेंमीचा सम्प बसतो. त्यात आधी 200 मायक्रॉनचा फिल्टर सॉक (पाणी गाळायची कापडी पिशवी), मग स्किमर, शेवटी पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप. सॉक तीन-चार दिवसांनी बदला, नाहीतर त्याचीही गत कॅनिस्टरसारखीच. पंपाच्या खोक्यावरचा प्रवाह शून्य उंचीचा असतो. वरच्या टाकीपर्यंत सव्वा मीटर पाणी चढवायचं, म्हणून तक्त्यात त्या उंचीला तासाला 600 ते 750 लिटर देणारा पंप बघा. कोरलना लागणारा जोरदार प्रवाह वेव्हमेकरकडून (टाकीतच पाणी ढवळणाऱ्या पंपाकडून) घ्यायचा, रिटर्न पंपाकडून नव्हे.

आता चूक होते ती जागा. वीज गेली की रिटर्न पाइपातून पाणी उलटं खाली ओढलं जातं, नोझल (पाइपाचं टाकीतलं तोंड) उघडं पडेपर्यंत. नोझल 3 सेंमी बुडालेलं असेल तर 90×45×3 म्हणजे 12 लिटर, वर पाइप आणि ओव्हरफ्लोच्या (जिथून टाकीतलं पाणी खाली सम्पमध्ये उतरतं त्या) खणातले दोन-तीन लिटर. तेवढ्याने या सम्पची पातळी 7 सेंमी वाढते. सम्प काठोकाठ भरलेला असेल तर ते पाणी जमिनीवर, आणि जवळच वायरींचा बोर्ड. चालू असताना सम्पमध्ये किमान 10 सेंमी जागा मोकळी ठेवा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका. आत चुन्याचे थर बसले की तो नीट मिटत नाही.

पाण्याबद्दल एक सांगायलाच हवं. घरातल्या आरओमध्ये बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. प्यायला ठीक, टाकीला नाही: सिलिकेट-फॉस्फेट येऊन शेवाळ माजतं. तांबं मिसळणारा प्युरिफायर तर झिंगे आणि गोगलगायींसाठी विषच. आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारे दाणे) जोडा, मीटरवर टीडीएस 0 दिसला पाहिजे.

ॲक्टिव्हेटेड कार्बन थोडा ठेवा, महिन्याने बदला. फॉस्फेट शोषणारं जीएफओ सुरुवातीला नको. फॉस्फेट एकदम उतरला तर कोरलना झटका बसतो. नायट्रेट 2 ते 10 पीपीएम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम पुरेसं आहे. दोन्ही शून्यावर नेलीत तर डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा तपकिरी चिकट थर डोकं वर काढतो. यूव्ही, रिॲक्टर वगैरे पहिल्या वर्षी दुकानातच राहू द्या.

मीठ टाकण्याआधी साध्या पाण्यावर सगळं 24 तास चालवा. मग मेन स्विच बंद करा, पाणी थांबेपर्यंत वाट बघा, परत चालू करा. असं तीनदा. सम्प न सांडता टिकला की चालू स्थितीतल्या पातळीवर रिटर्न कप्प्याच्या काचेवर मार्करने रेघ ओढा. रोज उडालेलं पाणी या रेघेपर्यंतच भरायचं, तेही बिनमिठाचं.